आइस-स्ट्रेंथन्ड म्हणजे बर्फ फोडणारं जहाज नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नवराबायको, दोघंही पंचावन्नच्या पुढे, अंटार्क्टिकाला जायचं म्हणतोय. जे जहाज मिळतंय ते १९८०च्या दशकातलं, आधी समुद्र-संशोधनाचं होतं, प्रवासी पन्नासेक. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात आइस-स्ट्रेंथन्ड लिहिलंय. म्हणजे ते बर्फ फोडत जातं का? आणि एवढं जुनं जहाज सेफ असतं का, की थांबून नवीन मोठं जहाज घ्यावं?"

मी आधी मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर होतो, नंतर बरेच सीझन असल्याच जहाजांवर सेकंड मेट म्हणून काढले आणि शेवटी शेवटी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, उतरून प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटी चालवल्या, त्यामुळे वरून आणि खालून दोन्हीकडून ही जहाजं बघितलीत. या जहाजांवर माझा जीव आहे हेही आधीच सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती टक्के धरायचं ते तुम्ही ठरवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, नाही. आइसब्रेकर वेगळा आणि आइस-स्ट्रेंथन्ड वेगळं. आइसब्रेकरचं नाक उतरतं असतं, तो बर्फाच्या लादीवर चढतो आणि स्वतःच्या वजनाने ती मोडतो, आणि त्यासाठी इंजिनात ताकद लागते ती राक्षसी. कापितान ख्लेब्निकोव्ह नावाचा खराखुरा आइसब्रेकर पर्यटकांना घेऊन फिरलाय, त्याची ताकद साधारण २४ हजार हॉर्सपॉवर. तुम्ही म्हणताय त्या वर्गातल्या छोट्या रिसर्च जहाजात दोन डिझेल इंजिनं, दोन्ही मिळून ३ हजाराच्या आसपास. आता बोला!

आइस-स्ट्रेंथन्ड म्हणजे काय, तर पाण्याच्या रेषेभोवती जहाजाला जाड पोलादाचा पट्टा असतो, आतल्या फ्रेम नेहमीपेक्षा जवळजवळ लावलेल्या असतात, प्रोपेलर आणि सुकाणू दणका खाऊ शकतील असे बनवलेले असतात. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते, ती म्हणजे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात ते तोंड. बर्फाच्या चिखलात गेलात की तो चुरा तिथे जाऊन बसतो, पाणी बंद, इंजिन तापायला लागतं. बर्फात चालणाऱ्या जहाजात इंजिनातून आलेलं गरम पाणी तिथेच परत फिरवायची सोय असते. एकदा आमच्याकडे हा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नव्हता आणि इंजिन रूममधून ब्रिजवर जो फोन आला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

या मजबुतीला ग्रेड असतात. बाल्टिक समुद्रात चालणारी फिनलंड-स्वीडनची पद्धत आहे, त्यात १-सी, १-बी, १-ए आणि १-ए सुपर, म्हणजे ढोबळमानाने ०.४, ०.६, ०.८ आणि १ मीटर जाडीच्या बर्फाचा हिशोब. पण हा हिशोब बाल्टिकच्या एका हिवाळ्यात तयार झालेल्या बर्फाचा आहे. ध्रुवाकडे जुना बर्फही भेटतो, एकदोन उन्हाळे काढलेला, त्यातलं मीठ झिरपून गेलेलं असतं आणि तो कितीतरी कडक होतो. आणि हिमनदीवरून तुटून आलेला तुकडा म्हणजे तर बर्फ नावाचा दगडच. लांबून तिन्ही पांढरेच दिसतात. म्हणून नुसता आकडा विचारून उपयोग नाही, तो आकडा कुठल्या बर्फासाठी आहे ते महत्त्वाचं.

आता तुमच्या प्रश्नातला मला खरा वाटणारा प्रश्न. तुम्ही जहाज किती मजबूत असं विचारताय, पण तुम्हाला हवं आहे ते हे की काही झालं तर आपण परत येऊ ना. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हे मी माझ्या मनाने नाही सांगत, तीन जाहीर घटना बघा.

पहिली एक्सप्लोरर. १९६९ साली फिनलंडमध्ये बांधलेलं, ध्रुवीय पर्यटनासाठीच बनवलेलं, बर्फासाठी मजबूत केलेलं. २३ नोव्हेंबर २००७च्या रात्री अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांपाशी बर्फावर आदळलं, पाणी आत आलं आणि शेवटी बुडालं. १५४ माणसं होती, सगळीच्या सगळी वाचली, कारण समुद्र शांत होता आणि नॉर्डनॉर्गे नावाचं दुसरं जहाज काही तासांत पोचलं. लोक तेवढा वेळ उघड्या लाइफबोटींमध्ये बसून होते. त्या रात्री ड्रेक पॅसेजचं, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्राचं, नेहमीचं हवामान तिथे असतं तर काय झालं असतं याचा विचार आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस करून बसलाय.

दुसरी अकादमिक शोकाल्स्की. तुमच्या जहाजासारखंच, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं फिनलंडमध्ये बांधलेलं सोव्हिएत रिसर्च जहाज. डिसेंबर २०१३ मध्ये पूर्व अंटार्क्टिकात कॉमनवेल्थ बे भागात अडकलं. इथे जहाजाला भोक वगैरे पडलं नाही. वारा फिरला, त्याने बर्फाच्या लाद्या ढकलत आणल्या आणि जहाजाभोवती गच्च बसवल्या, बस. मदतीला चीनचं श्वे लोंग आलं, ते खरं आइसब्रेकर, तेसुद्धा अडकलं. ऑस्ट्रेलियाचं ऑरोरा ऑस्ट्रेलिस आलं, त्यालाही वाट काढता येईना. शेवटी २ जानेवारी २०१४ला ५२ जणांना श्वे लोंगच्या हेलिकॉप्टरने उचललं, जहाजाचे २२ कर्मचारी मागेच थांबले, आणि चारपाच दिवसांनी वारा उलटा वाहायला लागल्यावर भेगा पडल्या आणि जहाज आपलं आपण बाहेर आलं. म्हणजे अडकवलं वाऱ्याने आणि सोडवलंही वाऱ्यानेच, पोलादाच्या पट्ट्याने फक्त मधल्या दिवसांत चेपू दिलं नाही. आणि तेच त्याचं काम आहे!

तिसरी अकादमिक योफ्फे. २४ ऑगस्ट २०१८, कॅनडाचा आर्क्टिक भाग, कुगारुकच्या उत्तरेला. हे जहाज वरच्या दोघांपेक्षा मोठं, ११७ मीटर लांब. ते बर्फावर आपटलंच नाही, नकाशात नसलेल्या उथळ खडकावर चढलं. त्या भागाची आधुनिक पद्धतीने मोजणीच झालेली नव्हती, आणि कॅनडाच्या चौकशीत असंही आलं की खोली मोजणाऱ्या यंत्राचा कमी पाण्याचा अलार्म बंद होता. भरती आल्यावर जहाज आपोआप तरंगलं, प्रवाशांना दुसऱ्या दिवशी त्याच्याच जुळ्या जहाजाने, अकादमिक सर्गेई वाविलोव्हने, उचललं. ते जुळं भावंड तेवढ्यात त्या भागात होतं हे नशीब.

तिन्ही जहाजं आइस-स्ट्रेंथन्ड होती. माझं मत यावरूनच बनलंय, ही मजबुती म्हणजे चूक झाली तर निस्तरायला मिळणारा थोडा वेळ, बर्फात घुसायचं लायसन्स नव्हे. चांगला कॅप्टन या जहाजावर असा वागतो जणू त्याच्याकडे ती मजबुती नाहीच.

याचा अनुभव सांगतो. अंटार्क्टिकात लेमेअर चॅनल नावाची एक पाण्याची खिंड आहे, साधारण ११ किलोमीटर लांब आणि सगळ्यात अरुंद जागी ६०० मीटर, दोन्हीकडे उभे कडे, सगळ्यांना तिथेच फोटो हवा असतो. आम्ही तोंडाशी पोचलो तर आत लाद्या भरल्या होत्या. घनदाट नाही, मधे काळं पाणी दिसत होतं, मला तरुणपणी वाटलं असतं की जाईल की आरामात. कॅप्टनने दहा मिनिटं नुसतं बघितलं, वारा कुठून येतोय ते बघितलं, मग चहाचा कप ठेवला आणि जहाज वळवलं. प्रवासी चिडले, एक गृहस्थ वर येऊन म्हणाले की आम्ही आइस-स्ट्रेंथन्ड जहाजाचे पैसे भरलेत. कॅप्टन त्यांना शांतपणे म्हणाला, आत जाता येईल, पण वारा मागून आहे, आपण आत गेल्यावर तो दार लावून घेईल. संध्याकाळी आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो तेव्हा खिंड गच्च भरली होती. ते गृहस्थ जेवायला आले तेव्हा काही बोलले नाहीत, पण गोड पदार्थ दोनदा घेतला.

आता जुनं की नवं. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही. ही रिसर्च जहाजं पर्यटनात आली कशी ते माहीत असलं तर बरं. सोव्हिएत युनियनने १९८०च्या दशकात फिनलंडच्या तुर्कू, राउमा अशा ठिकाणच्या गोद्यांमध्ये समुद्र-संशोधन आणि हवामानासाठी बरीच जहाजं बांधून घेतली, बांधणी उत्तम. १९९१ला देशच मोडला, संस्थांकडे डिझेलचे पैसे राहिले नाहीत, आणि पर्यटन कंपन्यांनी ती भाड्याने घ्यायला सुरुवात केली. योफ्फे आणि वाविलोव्हचं तर असं होतं की दक्षिणेच्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाचे पर्यटक, उत्तरेच्या उन्हाळ्यात आर्क्टिकचे, आणि मधे अटलांटिक ओलांडताना शास्त्रज्ञ चढायचे आणि आपली मोजमापं करून घ्यायचे. पर्यटकांच्या भाड्यावर विज्ञान चाललं म्हणायला हरकत नाही. नेदरलँड्सच्या नौदलाचं टायडेमन हे १९७६चं समुद्र-संशोधन जहाज असंच २००९ मध्ये प्रवासी जहाज बनवून प्लँशियस नावाने पर्यटनात आणलं. अलीकडच्या वर्षांत रशियन जहाजं पाश्चात्त्य कंपन्यांच्या यादीतून बरीचशी गेलीत, त्यामुळे तुमचं जहाज नेमकं कोणाचं, कोणत्या झेंड्याखाली, सध्या चालवतंय कोण हे आधी बघा, जुन्या फोटोंवर आणि जुन्या रिव्ह्यूवर जाऊ नका.

वय म्हणाल तर मी वयाला घाबरत नाही, दुर्लक्षाला घाबरतो. जहाजाची दर पाच वर्षांनी मोठी तपासणी होते, जुन्या जहाजात पोलादाची जाडी अल्ट्रासाउंडने जागोजागी मोजतात, झिजलेली प्लेट कापून नवीन लावावी लागते. चाळीस वर्षांचं जहाज नीट ठेवलेलं असेल तर ते मला दहा वर्षांच्या हेळसांड झालेल्या जहाजापेक्षा बरं. बंदरांवर सरकारी तपासनीस जहाजं तपासतात, त्यात कोणाला अडकवून ठेवलं होतं याच्या नोंदी ऑनलाइन बघता येतात, जहाजाचा आयएमओ नंबर टाकून शोधा. नाव बदलतं, तो नंबर बदलत नाही.

आणि एक मोठा फरक २०१७ पासून पडलाय. १ जानेवारी २०१७ला पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झाला. त्याप्रमाणे जहाजाला वेगळं पोलर सर्टिफिकेट लागतं, त्यात ए, बी, सी असे गट असतात आणि जहाजाने कुठल्या बर्फात जायचं, कुठल्या नाही हे लिहिलेलं असतं. लाइफबोटी बंद किंवा निदान अर्ध्या बंद लागतात, आणि मदत यायला किती दिवस लागतील ते धरून सामान ठेवावं लागतं, ते पाच दिवसांपेक्षा कमी धरता येत नाही. एक्सप्लोररच्या उघड्या बोटी आठवा म्हणजे हे का आलं ते कळेल. ब्रिजवर आता पोलारिस नावाची आकडेमोडही करतात, समोरच्या पाण्यात दहापैकी किती भाग कुठला बर्फ आहे ते धरून, आपल्या जहाजाच्या ग्रेडप्रमाणे गुण देऊन बेरीज करायची, बेरीज उणे आली की नेहमीसारखं जायचं नाही. माझ्या त्या कॅप्टनने चहा पिता पिता हेच केलं होतं, फक्त कागदावर नाही.

तेव्हा कंपनीला हे विचारा: पोलर सर्टिफिकेटचा गट कुठला, शेवटची ड्राय-डॉक (जहाज पाण्याबाहेर घेऊन तपासणी-दुरुस्ती) कधी झाली, कॅप्टनचे ध्रुवीय पाण्यातले सीझन किती, आणि ठरलेल्या जागी जाता आलं नाही तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला जो 'आम्ही नक्की नेतोच' म्हणेल त्याच्याकडे बुकिंग करू नका. जो सांगेल की प्लॅन रोज सकाळी बदलू शकतो, तो माणूस धंदा जाणतो.

आकाराबद्दल मात्र छोट्या जहाजाचं पारडं जड आहे. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि ५००च्या वर प्रवासी असलेल्या जहाजाने तर कोणालाच उतरवायचं नाही, लांबून बघा आणि परत. दोनशे-तीनशेचं जहाज असेल तर गट पाडून, पाळीपाळीने. पन्नास जणांच्या जहाजात सगळे एकदम उतरतात, तीन तास म्हणजे तीन तास मिळतात. मला विचाराल तर पैसे या तासांचेच असतात.

रिसर्च जहाजाचे आणखी फायदे प्रवाशाच्या लक्षात नंतर येतात. जिथे शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाचा गाळ धुवायचे ती ओली लॅब आता बूट धुवायची खोली असते, जमिनीला उतार आणि मोरी आधीपासून आहेच. बूट धुणं तिथे गंमत नाही, कपड्याच्या शिवणीतलं गवताचं बीसुद्धा काढावं लागतं, व्हॅक्यूम क्लीनर लावून. २०२३-२४च्या सीझनमध्ये बर्ड फ्लू त्या भागात पोचल्यापासून तर किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग ठेवायची नाही, पेंग्विनपासून किमान पाच मीटर. मागच्या डेकवर यंत्रं पाण्यात सोडायची क्रेन असते ती रबरी बोटी उतरवायला झकास. आणि ब्रिज बहुतेक वेळा प्रवाशांना खुला असतो. योफ्फे-वाविलोव्ह तर पाण्यातल्या आवाजाच्या अभ्यासासाठी बांधलेली, त्यामुळे इंजिनाची धडधड कमी, देवमासा जवळ आला की त्याचा श्वास ऐकू यायचा, आम्ही सगळे गप्प व्हायचो.

तोटे पण ऐका. ही जहाजं लोळतात. बर्फात चालायचं म्हणून पोट गोलसर, आणि बाजूला पंख लावलेले असतील तर ते बर्फात तुटतात म्हणून बऱ्याच जहाजांना ते नसतातच. ड्रेक पॅसेज साधारण ८०० किलोमीटर, जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस, कधी तळ्यासारखा शांत, कधी टेबलावरची प्लेट मांडीत. काहींना आत पाण्याच्या टाक्या असतात ज्या हेलकावा कमी करतात, कंपनीला तेही विचारा. छोट्या जहाजात काही केबिनना बाथरूम सामाईक असतं, लिफ्ट नसते, जिने उभे असतात. पंचावन्न हे काही वय नाही, पण गुडघे कसे आहेत ते तुम्हीच सांगा, कारण रोज दोनदा शिडीवरून हलत्या बोटीत पाय टाकायचाय. खलाशी हात देतो तेव्हा त्याचा तळहात नाही, मनगट धरायचं.

आणखी एक, मोठं आजारपण निघालं तर डॉक्टर जहाजावर एक असतो, ऑपरेशन थिएटर नसतं. सोय म्हणजे किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीवरून चिलीच्या पुंता अरेनासला विमान, तेही हवामान असेल तर. त्यामुळे हृदयाचा किंवा तसला काही त्रास असेल तर आधी तुमच्या डॉक्टरशी बोला आणि तिथून उचलून आणायचा खर्च देणारा विमा घ्या, बऱ्याच साध्या प्रवास विम्यात ध्रुवीय भाग वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचा.

महिन्याचं विचारलं नाहीत पण सांगतो. सीझन नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ जास्त, सगळं स्वच्छ पांढरं, पण दक्षिणेच्या जागा बंद असू शकतात. जानेवारीत पिल्लं. फेब्रुवारीत बर्फ कमी आणि देवमासे जास्त, पण किनाऱ्यावर पेंग्विनच्या शेणाचा वास असा की जेवताना जॅकेट बाहेर ठेवावं लागतं. छोट्या, कमी ताकदीच्या जहाजाने जायचं असेल तर मी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी धरेन.

तर तुमच्या जागी मी असतो तर वरच्या चार प्रश्नांची उत्तरं नीट आली, आणि गुडघे ठीक असले, तर ते जुनं जहाज घेतलं असतं. उत्तरं गोलगोल आली तर कितीही आवडलं असतं तरी सोडलं असतं. केबिन घेताना वरची, मोठ्या खिडकीची घेऊ नका, खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या, हेलकावा तिथे सगळ्यात कमी. गोल खिडकीवर आतून लोखंडी झाकण असेल, वादळात खलाशी येऊन ते स्क्रूने आवळून जातो, तेव्हा घाबरू नका, आणि उलटीची गोळी बीगल चॅनलमधून, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या शांत पाण्यातून, बाहेर पडायच्या आधी घ्या, नंतर ती पोटात थांबत नाही.